हातांचे डॉक्टर वेल्लोरला का घडले

हाताच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र शाखा मानण्याची गरज अमेरिकेला दुसऱ्या महायुद्धात पटली. जखमी सैनिकांचे हात इतके होते की स्टर्लिंग बनेल या सर्जनच्या देखरेखीखाली त्यांच्यासाठी खास केंद्रं काढावी लागली, आणि 1946 साली तिथल्या हँड सर्जननी आपली संघटना स्थापन केली. त्याच वर्षी पॉल ब्रँड हा तरुण अस्थिशल्यचिकित्सक वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाला. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेला हा मिशनऱ्यांचा मुलगा. भारतात हँड सर्जरी उभी राहिली ती त्याने कुष्ठरुग्णांच्या हातांवर केलेल्या कामातून.

चेंगलपट्टूच्या कुष्ठरुग्णालयात डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी ब्रँडना आकडलेल्या बोटांचे शेकडो हात दाखवले. कुष्ठरोगात मांस सडतं, तिथे चाकू लावून उपयोग नाही, अशी तेव्हा समजूत होती. ब्रँडनी एका रुग्णाला आपला हात दाबायला सांगितलं, तर त्या वाकड्या बोटांची पकड इतकी घट्ट की डॉक्टरच कळवळले. हात लुळा नव्हता, त्यातले मोजकेच स्नायू गेले होते.

याचं कारण मोठं रंजक आहे. कुष्ठरोगाच्या जंतूला थंडावा मानवतो. त्यामुळे मज्जातंतू जिथे कातडीलगत येतात, म्हणजे कोपरामागे आणि मनगटाजवळ, तिथे तो त्यांना गाठतो. तळहातातले छोटे स्नायू निकामी होतात, बोटं मुळाशी मागे ताणली जातात आणि टोकाशी आत वळतात. पण बोटं मिटणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. त्यांना चेतना देणाऱ्या बहुतेक शाखा वरच फुटलेल्या असल्यामुळे ते शाबूत राहतात. मनगट उचलणारे स्नायूही बहुधा वाचतात, म्हणजे उसनं घ्यायला भांडवल होतं. शस्त्रक्रिया अशी: मनगट उचलणाऱ्या स्नायूंपैकी एकाचा टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) सोडवायचा, पोटरीतला प्लँटारिस नावाचा बारीक, लांब टेंडन जोडून त्याची लांबी वाढवायची, चार शेपट्या करायच्या आणि चारही बोटांना बसवायच्या. (प्लँटारिस काहींना जन्मतःच नसतो आणि त्यावाचून त्यांचं काही अडत नाही.)

टाके निघाले की खरं काम सुरू. काल मनगट उचलणाऱ्या स्नायूने आज बोटं मुळातून वाकवायची, हे मेंदूला शिकवायला आठवडे लागतात. त्यासाठी थेरपिस्ट हवेत. ते तयार मिळत नव्हते, म्हणून वेल्लोरलाच तयार करावे लागले. पुढे सरळ झालेले हात घेऊन गावी गेलेले काही जण परत आले, कारण नीट हाताला भीक मिळेना आणि कुष्ठरोगी म्हणून कामही मिळेना. मग आवारातच सुतारकाम शिकवायला सुरुवात झाली. तिथे कामं करताना रोज नव्या जखमा दिसू लागल्या, आणि बोटं रोगाने झडत नाहीत, वेदना न कळल्यामुळे इजा होऊन झिजतात, हे उलगडलं. काहींची बोटं रात्री उंदीर कुरतडत होते आणि त्यांना जागही येत नव्हती. त्यावरचा इलाज म्हणून रुग्णांना मांजरं देण्यात आली. हँड सर्जरीच्या इतिहासात मांजरांचा एवढा मान दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

आपल्याकडे डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशाच शस्त्रक्रिया केल्या. 1981 पासून बहुविध औषधोपचार, म्हणजे एकाच वेळी अनेक औषधं देण्याची पद्धत, आले, कुष्ठरोग आटोक्यात येत गेला. दरम्यान हातांना दुसरा शत्रू भेटला होता: यंत्र. कडबाकुट्टी, उसाचा चरक, मळणी यंत्र, कारखान्यातला पॉवर प्रेस. शेतीतल्या अशा यंत्रांसाठी 1983 साली केंद्राला धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा करावा लागला, यावरून प्रश्नाचा आकार कळावा.

यंत्राने कापलेल्या हातात सर्वांत बिकट जागा म्हणजे तळहाताच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेराच्या मध्यापर्यंतची. इथे दोन टेंडन एका अरुंद नळीतून, नेफ्यातल्या नाडीसारखे सरकत असतात. टाका जाड झाला तर अडकतो, बोट फार दिवस स्थिर ठेवलं तर सगळं एकमेकांना चिकटतं. बनेल या भागात लगेच टाके घालू नका असंच सांगत. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या सर्जननी तो नियम मोडून दाखवला, पण बारीक टाका आणि काही दिवसांतच सुरू होणारी, मोजूनमापून केलेली हालचाल या दोन्ही अटी पाळून. तालुक्याच्या गावी टाके घालणारा कुणी ना कुणी भेटतो. नंतरची हालचाल करून घेणारा थेरपिस्ट मात्र क्वचितच असतो. माझ्या मते आपल्याकडची खरी उणीव ही आहे.

हाडं अस्थितज्ज्ञांची, कातडी प्लास्टिक सर्जनची, मग हात कुणाचा, ही ओढाताण सगळीकडे आहे. चेन्नईच्या स्टॅन्ले मेडिकल कॉलेजात त्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली, पुढे कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलने जगभरातून शिकायला डॉक्टर यावेत इतकं नाव कमावलं. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींनी बारीक तारा आणि जोडपट्ट्यांचा स्वस्त बाह्य सांगाडा काढला, तो ‘जेस’ म्हणून देशभर वापरला जातो. कॅनडाच्या डोनाल्ड लालोंड यांनी रुजवलेली पद्धतही आपल्यासारख्या देशाच्या फार कामाची आहे. लिग्नोकेन या जागा बधिर करणाऱ्या औषधाबरोबर रक्तवाहिन्या आकसवणारं एपिनेफ्रिन टोचलं की रक्तस्राव कमी होतो, दंडाला आवळपट्टी लागत नाही, पूर्ण भूलही लागत नाही. बोटात एपिनेफ्रिन द्यायचं नाही, असं वर्षानुवर्षं शिकवलं जाई. जुन्या काळी बोटं काळी पडत त्याचा दोष बहुधा प्रोकेन या बधिर करणाऱ्या जुन्या औषधाचा, साठवणीत ते आम्ल झाल्यामुळे, होता. आता रुग्ण टेबलावर जागा असतो, सर्जन सांगेल तसं बोट वाकवतो आणि टाका नळीत अडकतो का हे तिथल्या तिथे दिसतं.

तुटलेलं बोट परत जोडता येईल की नाही, हे मात्र पुष्कळदा सर्जनकडे पोचण्याआधीच ठरतं. बोट थेट बर्फात ठेवलं की पेशी गोठून मरतात. ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावं, पिशवीचं तोंड बंद करावं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोटात स्नायू नसल्याने ते थंड राहिलं तर बराच काळ टिकतं. मनगटाच्या वर हात तुटला असेल तर त्यात स्नायू असतात, आणि मग सहा तासांच्या आत पोचायची घाई करावी लागते.