सामूहिक स्वयंपाकाची रात्र

वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी ठरलेल्या रात्री वर्गणी काढून स्वतः रांधण्याची आणि एकत्र जेवण्याची प्रथा. एकाने रांधायचे आणि बाकीच्यांनी नुसते जेवायला यायचे, ही झाली मेजवानी. तिचा येथे समावेश होत नाही. या रात्री जेवणारा प्रत्येक जण कशाला ना कशाला हात लावतो, निदान तशी अपेक्षा असते.

प्रथेमागचे पहिले कारण काटकसर. महामंदीच्या काळात, 1933 मध्ये, कॅलिफोर्नियातील बर्कली येथे विद्यार्थ्यांनी सहकारी निवासाची सुरुवात केली. घरकाम सभासदांनीच वाटून घेतल्याने राहण्या-जेवण्याचा खर्च आटोक्यात राहिला. ओहायोतील ओबर्लिन येथे 1950 मध्ये अशीच विद्यार्थी सहकारी संस्था स्थापन झाली. तिच्यात केवळ जेवणापुरते सभासद होण्याचीही सोय आहे. बहुतेक ठिकाणी मात्र संस्था, घटना वगैरे काही नसते. एक शेगडी, एक मोठे पातेले आणि ते कोणाच्या खोलीत आहे याची सर्वांना असलेली माहिती एवढ्यावर भागते.

नवशिक्यांची फसगत बहुधा प्रमाणात होते. चौघांची पाककृती सोळा जणांसाठी करताना सगळे चौपट केले, की रस्सा पाणचट होतो. वाफ पातेल्याच्या तोंडावाटे जाते आणि तोंड काही चौपट झालेले नसते. पातेले तिन्ही बाजूंनी दुप्पट घेतले, तर आत आठपट ऐवज मावतो, पण तळ आणि कडा चौपटच वाढतात. शेगडी तीच, म्हणून उकळी यायला वेळ लागतो. कंटाळून आच वाढवली की खाली करपते आणि वर कच्चे राहते. मिठाची गोष्ट वेगळी. एक जण झाकण उचलतो, चव घेतो, ‘कमी आहे’ म्हणत मूठभर टाकतो आणि गप्पांत जाऊन बसतो. दोन मिनिटांनी दुसरा येऊन, न ढवळलेला वरचा रस्सा चाखून तेच करतो. अनुभवी गट मिठाचा डबा एकाच्याच ताब्यात देतात.

मोठे पातेले तापायला जसे उशीर लावते, तसेच निवायलाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार शिजलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांहून अधिक ठेवू नये, कारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. भाताबाबत विशेष सांभाळावे लागते. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू उकळीतही टिकू शकतात आणि भात तसाच राहिला तर त्याने तयार केलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेले अन्न पसरट भांड्यांत काढून लवकर थंड करणे हाच त्यावर उपाय. गप्पा रंगल्या की नेमके तेच राहून जाते.

एकत्र जेवणाचा जिव्हाळ्याशी संबंध असल्याचे मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी ब्रिटनमधील पाहणीच्या आधारे 2017 मध्ये मांडले. मात्र ही प्रथा एखाद्या गटात टिकते की नाही, हे जेवणावर ठरत नाही. ते भांड्यांवर ठरते. चिरायला, ढवळायला, चव घ्यायला हात पुष्कळ असतात. जेवणे झाल्यावर मात्र कोणाला सकाळचा तास आठवतो, कोणाला फोन येतो. करपलेल्या पातेल्यात पाणी ओतून ‘सकाळी घासू’ म्हटले जाते आणि मग ते शब्दशः भिजत घोंगडे होते. तिसऱ्या दिवशी वासाला कंटाळून जो ते घासतो, तो पुढच्या वेळी वर्गणी देईलच असे नाही. म्हणून मुरलेले गट रांधणाऱ्याला घासण्यातून सूट देतात आणि घासणाऱ्यांची नावे चूल पेटण्याआधी, सगळे भुकेले असतानाच, लिहून घेतात.