विधवा प्रथाबंदी (हेरवाड ठराव)

पती वारल्यावर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि पायातली जोडवी काढून घेणे या चालीरीती गावाने आपल्या हद्दीत बंद करण्याचा ठराव. महाराष्ट्रात असा पहिला ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड (ता. शिरोळ) येथील ग्रामसभेने मे २०२२ मध्ये केला. त्यामुळे पुढे इतर गावांनी केलेले असे ठरावही ‘हेरवाड पॅटर्न’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले.

प्रथा : मर्तिकाच्या घरी हा विधी पार पाडतात त्या बायकाच, आणि त्यांतल्या पुष्कळशा स्वतः त्यातून गेलेल्या असतात. कुठे तो प्रेत उचलण्याआधी होतो, तर कुठे रक्षाविसर्जनाला किंवा उत्तरकार्याला. काही घरांत आधी त्या बाईचा मळवट भरतात, हातात हिरवा चुडा चढवतात आणि मग तेच हात एकमेकांवर आपटून काच फोडतात. हे सगळे चारचौघांत होते. पुढचा बहिष्कार मात्र बिनबोभाट चालतो. हळदीकुंकवाचे बोलावणे थांबते, ओटी भरायला कोणी हाक मारत नाही, पोटच्या मुलीच्या हळदीलाही आईने मागेच उभे राहायचे असते.

या भागात यल्लम्माच्या भक्तांची ‘रांडाव पुनव’ (देवी विधवा होते ती पौर्णिमा) असते. देवीचा पती जमदग्नी मारला गेला म्हणून त्या दिवशी जोगतिणी, म्हणजे देवीला वाहिलेल्या बायका, बांगड्या फोडतात आणि पुढे ‘अहेव’ म्हणजे सवाष्ण ‘पुनवे’ला पुन्हा चुडा भरतात. देवीचे रांडावपण असे फिटते. घरातल्या सुनेच्या वाट्याला मात्र अहेव पुनव नव्हती.

पूर्वपीठिका : ब्रिटिश हद्दीत विधवाविवाहाला १८५६ मध्ये कायद्याची मान्यता मिळाली. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये पुनर्विवाहाचा कायदा केला. त्यापाठोपाठ आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा आणि स्त्रियांच्या छळाला आळा घालणारा असे कायदे १९१९ मध्ये आले. जोगतिणी आणि त्यांच्या मुलांच्या हक्कांचा कायदा १९२० चा. बहुजन जातींत विधवेचा पाट किंवा म्होतूर (दुसरा घरोबा) लावण्याची चाल आधीपासून होतीच, पण तिला लग्नाची प्रतिष्ठा नव्हती.

१९१८ मध्ये खुद्द महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी वारले आणि सून इंदुमतीदेवी अगदी कोवळ्या वयात विधवा झाल्या. घरच्यांचा विरोध पत्करून महाराजांनी कोल्हापूरजवळच्या सोनतळीला त्यांच्या शिक्षणाची सोय केली. पुनर्विवाह मात्र झाला नाही. कायदा करणाऱ्याच्या उंबऱ्याआतही रूढी किती घट्ट असते, याचा याहून बोलका दाखला नाही. आणि या साऱ्या कायद्यांनी लग्न, वारसा, छळ यांना हात घातला तरी कपाळावरच्या कुंकवाचा प्रश्न दरबारापर्यंत कधी आलाच नाही. तो चावडीवर येईतो शंभर वर्षे गेली.

ठराव : कल्पना मूळची सोलापूर जिल्ह्यातली. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी करोनाच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीत त्याच्या पत्नीवर झालेली जबरदस्ती पाहिली. आपल्या मागे आपल्या पत्नीवर हे विधी लादू नयेत, असे प्रतिज्ञापत्र त्यांनी स्वतः करून दिले आणि गावोगावी ठरावाचा आग्रह धरला. करोनाने ऐन तारुण्यात विधवा झालेल्या बायका तेव्हा गल्लोगल्ली दिसत होत्या, त्यामुळे विषय लोकांना परका वाटला नाही. कुरुंदवाडजवळच्या, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या हेरवाडने तो उचलला. शाहू महाराजांच्या निधनाला ६ मे २०२२ रोजी शंभर वर्षे पूर्ण होत होती, आणि हा ठराव त्याच स्मृतिपर्वातला.

पाठोपाठ हातकणंगले तालुक्यातील माणगावने असाच ठराव केला. मार्च १९२० मध्ये शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले ते याच गावच्या परिषदेत. राज्याचे ग्रामविकास खाते तेव्हा कागलच्या हसन मुश्रीफ यांच्याकडे होते. हेरवाडचा कित्ता सर्व ग्रामपंचायतींनी गिरवावा, असे परिपत्रक शासनाने १७ मे २०२२ रोजी काढले. त्यानंतर सात हजारांवर गावांनी ठराव केल्याचे मोहिमेचे प्रवर्तक सांगतात.

अंमल आणि आक्षेप : ग्रामसभेच्या ठरावाला शिक्षेचे कलम नाही. कोणी जबरदस्ती केलीच तर गाव समजूत घालू शकते, दंड करू शकत नाही. तरीही मर्तिकाच्या गर्दीत ‘गावाचा ठराव आहे’ एवढे वाक्य एखाद्या नणंदेच्या किंवा जावेच्या हाती येते, आणि कोणी तरी ‘राहू दे गं तिच्या हातात’ म्हणायला धजते. ठरावाचा खरा उपयोग इथेच आहे.

आक्षेप दोन बाजूंनी येतात. जुन्या वळणाची माणसे रीत मोडली म्हणतात. स्त्रीवादी कार्यकर्त्यांपैकी काहींचा सवाल अधिक अवघड आहे : नवऱ्याच्या नावाचे लेणे विधवेलाही ठेवू दिले, म्हणजे बाईची ओळख त्या लेण्यावरूनच ठरवणे चालू राहिले की नाही? शिवाय कुंकू राखले तरी सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागणे, दिराच्या ताब्यातला वाटा सुटणे या लढाया वेगळ्याच, आणि त्या तलाठ्याच्या दप्तरात नि कोर्टात लढाव्या लागतात.

भाषेचा वादही याच काळातला. चळवळीत ‘एकल महिला’ हा शब्द रुळत असताना एप्रिल २०२३ मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांकडून ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावे अशी सूचना पुढे आली. त्यावर टीकेची झोड उठली आणि असा कोणताही निर्णय झालेला नाही, असा खुलासा करावा लागला. लग्नपत्रिकांत मात्र आजीच्या नावामागे ‘गं. भा.’ अजूनही छापले जाते.