खुनी सापडला, पण भुताचं काय?

अतिमानवी शक्ती आणि गुन्ह्याचा तपास एकत्र गुंफणाऱ्या मालिकेचा सीझन संपला, की प्रेक्षकांत हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, सगळं अर्धवट ठेवलं. दुसरा म्हणतो, सगळं सांगून टाकलं, आता उरलं काय? दोघंही एकाच भागाबद्दल बोलत असतात. खून झाला म्हणजे तो कुणी केला हे शेवटी कळणार, या भरवशावर गुन्हेकथा वाचली जाते. भुताचं उलट आहे. त्याचा हिशेब लागला की ते भूत राहत नाही. गुन्हा आणि भूत, दोघांची उधारी शेवटच्या भागात एकदम वसुलीला येते. (पुढे काही जुन्या मालिकांचे शेवट उघड केले आहेत, ज्यांनी त्या पाहायच्या ठेवल्या असतील त्यांनी इथेच थांबावं.)

भांडण टीव्हीपेक्षा बरंच जुनं आहे. १७९४ साली अ‍ॅन रॅडक्लिफ यांची ‘द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’ ही कादंबरी आली. तिची नायिका किल्ल्यातल्या एका काळ्या पडद्यामागे डोकावते आणि बेशुद्ध पडते. तिथे काय होतं, हे वाचकाला शेकडो पानं कळत नाही. कळतं तेव्हा तो मेणाचा पुतळा निघतो. रॅडक्लिफ यांची ही रीतच होती: आधी भूत दाखवायचं, मग त्याचं साधं कारण सांगायचं. एवढं ताटकळत ठेवल्यावर असला खुलासा वाचकाला फसवल्यासारखा वाटतो, अशी तक्रार पुढे कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी नोंदवली. आजच्या निम्म्या तक्रारी त्याच आहेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुन्हेकथेनं भुताला दाराबाहेर काढलं. कॉनन डॉयल स्वतः परलोकविद्येवर विश्वास ठेवणारे, पण त्यांचा शेरलॉक होम्स एका कथेत बजावतो की आमच्याकडे भुतांचं काम नाही. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे १० नियम घालून दिले. त्यातला दुसरा नियम असा, की दैवी किंवा अतिमानवी हस्तक्षेप कथेत चालणार नाही. नॉक्स कॅथलिक पाद्री होते. देवावर श्रद्धा असलेल्या माणसानंही रहस्यकथेत मात्र त्याला येऊ दिलं नाही. कारण साधं आहे. भिंतीतून आरपार जाणारा खुनी चालवून घेतला, तर वाचकानं बंद खोलीच्या कोड्यावर डोकं का चालवावं?

त्याआधीच एका लेखकानं मधली वाट काढली होती. विल्यम होप हॉजसन यांच्या कारनॅकी या भुतांच्या तपासनिसाच्या कथा १९१० पासून मासिकात येऊ लागल्या. त्यांत कधी भूत खरं निघतं, कधी कुणीतरी केलेला बनाव. कथा सुरू होताना वाचकाला दोन्ही शक्यता धरून चालावं लागतं. आजच्या या मालिकांची मुळं मला होम्सपेक्षा कारनॅकीत जास्त दिसतात. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘कोलचॅक’ ही मालिका आली, तिच्यात एक वार्ताहर दर आठवड्याला नव्या राक्षसाच्या मागे असे. २० भागांत ती संपली. प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी मिटत असल्यानं शेवटच्या भागावर वाद व्हायला जागाच नव्हती.

वादाला जागा मिळाली ती अमेरिकी वाहिन्यांच्या वेळापत्रकामुळे. तिथला सीझन शरद ऋतूत सुरू होऊन मे महिन्याच्या आसपास संपतो, आणि त्याच महिन्यात जाहिरातींचे दर ठरवण्यासाठी प्रेक्षकसंख्या मोजली जाते. मग उन्हाळ्याची सुट्टी. शेवटच्या भागानं गर्दीही खेचायची आणि ती पुढचे काही महिने टिकवायचीही. हे किती कमाईचं आहे ते ‘डॅलस’ या मालिकेनं दाखवलं. २१ मार्च १९८० रोजी तिच्यातलं मुख्य पात्र असलेल्या जे. आर.वर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सीझन संपला. त्यात कलाकारांच्या संपामुळे पुढचा सीझन लांबला. गोळ्या कुणी झाडल्या, हे कळलं २१ नोव्हेंबरला, आणि तो भाग एकट्या अमेरिकेत सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी पाहिला. ‘डॅलस’मध्ये भूतबीत काही नव्हतं. पण प्रेक्षकाला एक सवय लागली: शेवटी प्रश्न पडतो, आणि थांबलं की उत्तर मिळतं.

१० वर्षांनी डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांच्या ‘ट्विन पीक्स’नं या सवयीलाच धक्का दिला. ८ एप्रिल १९९० रोजी मालिका सुरू झाली आणि लॉरा पामर या शाळकरी मुलीला कुणी मारलं, हा प्रश्न सगळीकडे चघळला जाऊ लागला. लोक भाग टेप करून एकेक चौकट थांबवून बघत. मे महिन्यात पहिला सीझन संपला, तेव्हा उत्तराऐवजी तपास करणाऱ्या एजंटलाच गोळ्या लागल्या. प्रेक्षक चिडले, समीक्षकही चिडले. वाहिनीनं रेटा लावला आणि नोव्हेंबरात खुनी जाहीर झाला: माणूस आणि त्याच्यात शिरलेला दुष्टात्मा, दोन्ही एकदम. सोन्याची अंडी देणारी कोंबडी मारून टाकली, असं लिंच नंतर म्हणत राहिले. मालिका आधीच शनिवारच्या पडेल वेळेत ढकलली गेली होती, उत्तर मिळाल्यावर प्रेक्षक आणखी पांगले, आणि १० जून १९९१ च्या शेवटच्या भागात तो सज्जन एजंटच झपाटला गेला. त्यापुढे मालिकाच नव्हती.

वाहिनीनं मध्येच हात काढला की असं होतं. पुढे ‘लूसिफर’ मालिकेच्या वेळीही हेच घडलं. आपण सैतान आहोत, हे नायक लूसिफर पोलीस अधिकारी असलेल्या नायिकेला तीन सीझन सांगत होता आणि ती ते हसण्यावारी नेत होती. मे २०१८ मध्ये तिला त्याचा खरा चेहरा दिसला, पण मालिका तीन दिवस आधीच रद्द झाली होती. चाहत्यांनी असा काही गलका केला, की सुमारे महिनाभरानं नेटफ्लिक्सनं ती उचलली.

शेवट जमलेली उदाहरणं मोजकी आहेत. बीबीसीच्या ‘लाइफ ऑन मार्स’मध्ये अपघात झालेला पोलीस थेट १९७३ मध्ये जागा होतो. हे वेड आहे, कोमा आहे की कालप्रवास? उत्तर मिळालं ते तिच्या जोडमालिकेत, ‘अ‍ॅशेस टू अ‍ॅशेस’मध्ये, मे २०१० ला: ते सगळं जग मेलेल्या पोलिसांचं होतं. उत्तर पूर्णपणे अतिमानवी, तरी ते पटलं, कारण त्याच्या खुणा आधीपासून समोर पडलेल्या होत्या. म्हणजे भुताला हरकत नव्हती. ते आयत्या वेळी आणलं, तर हरकत होती.

उलटा प्रकार एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या ‘ट्रू डिटेक्टिव्ह’चा. पहिल्या सीझनमध्ये १८९५ च्या एका भयकथासंग्रहातली नावं पेरलेली होती आणि प्रेक्षकांनी त्यावर तर्कांचे इमले चढवले. ९ मार्च २०१४ रोजी शेवटच्या भागाला एवढी झुंबड उडाली, की एचबीओची ऑनलाइन सेवाच बंद पडली. खुनी निघाला हाडामांसाचा माणूस. अनेकांचा हिरमोड झाला. २२० वर्षं मागे गेलं की तोच रॅडक्लिफ यांचा मेणाचा पुतळा.

‘ट्विन पीक्स’ २०१७ मध्ये परतली. ३ सप्टेंबरला शेवटचे दोन भाग एकाच रात्री दाखवले. एजंट आदल्याच भागात शुद्धीवर आला होता, १७व्या भागात दुष्टात्म्याचा निकाल लागला, उलगडा मागणाऱ्यांना जवळपास सगळं मिळालं. १८व्या भागात एजंटनं लॉरासारख्याच दिसणाऱ्या एका बाईला लॉराच्या घराशी नेलं, दार उघडलं ते अनोळखी बाईनं. हे कुठलं साल आहे, असं त्यानं विचारलं. सोबतची बाई किंचाळली, घरातले दिवे गेले आणि पडदा काळा झाला.