सरासरी नको, काठावरचा माणूस बघा

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. हिवाळ्यात रविवारी त्याच्याकडे ऑफिसातली मंडळी अमेरिकन फुटबॉल बघायला जमतात. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून पळायचं किंवा लांब फेकायचा, असा हा खेळ. एका रविवारी तिथे वाद पेटला. ओहायोतल्या कँटन गावी या खेळाचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचं मानाचं दालन आहे, तिथे कोणाला घ्यायचं हे ठरताना खेळाडूचा वर्ण आड येतो का? एकजण म्हणाला, "सोपं आहे. आत गेलेल्या गोऱ्यांच्या खेळातल्या आकड्यांची सरासरी काढा, कृष्णवर्णीयांच्या आकड्यांची काढा. सारखी आली तर भेदभाव नाही. आकड्यांना रंग दिसत नाही." भाच्याने रात्री फोन केला, "मामा, तुम्ही आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलंत. हे पटतं का तुम्हाला?"

नाही पटत. का, ते सविस्तर सांगतो, कारण हीच चूक आपण प्रवेशापासून नोकरभरतीपर्यंत सगळीकडे करतो.

समजा, एका शाळेत शिष्यवृत्तीच्या खास वर्गासाठी मुलं निवडायची आहेत. 'अ' तुकडीतल्या मुलाला ६० गुण पुरतात, 'ब' तुकडीतल्या मुलाला ७० लागतात. उघड अन्याय. आता निवडलेली मुलं बघू. 'अ' मधून आली ६१, ६२, ९५ आणि ९६ गुणांची, सरासरी ७८.५. 'ब' मधून आली ७१, ७२, ७३ आणि ७४ गुणांची, सरासरी ७२.५. नुसती सरासरी बघणारा म्हणेल, "ब तुकडीचीच मुलं कच्ची आहेत, त्यांना सवलत मिळालेली दिसते!" प्रत्यक्षात अडवलं गेलं ते त्यांनाच. ६५ गुणांचा 'ब' मधला मुलगा बाहेर राहिला आणि ६१ चा 'अ' मधला आत गेला.

गोम अशी, की निवडलेल्यांची सरासरी दोन गोष्टींवर ठरते. उंबरठा किती उंच आहे ही एक, आणि उंबरठ्याच्या वर माणसं कशी पसरलेली आहेत ही दुसरी. ९५-९६ वाली दोन मुलं कुठल्याही उंबरठ्यावरून आत आली असती. ती सरासरी वर ओढतात, पण उंबरठ्याबद्दल काहीच सांगत नाहीत. उंबरठ्याची उंची कळते ती फक्त काठावरच्या मुलाकडून, म्हणजे जेमतेम आत आलेल्याकडून आणि जेमतेम हुकलेल्याकडून. भेदभावाचं अर्थशास्त्र मांडणाऱ्या गॅरी बेकर यांची कसोटीही हीच: काठावर काय घडतं ते तपासा. कसोटी सोपी, पण राबवायला फार अवघड, कारण काठावरचा माणूस कोण हे बहुतेक वेळा कुठे नोंदलेलंच नसतं. हॉल ऑफ फेममध्येही तेच. समितीची ८० टक्के मतं मिळाली तर आत. कोणाला ७९ मिळाली आणि कोणाला ४०, ते बाहेर येत नाही.

इथे जरा अवघड वळण आहे. वरच्या उदाहरणात गुण तरी खरे होते. खेळात गुण कसे मिळतात? मैदानावर उतरल्यावर. म्हणजे नोंदलेला आकडा ही निव्वळ क्षमता नसते, त्यात क्षमता आणि संधी दोन्ही असतात, आणि संधी हासुद्धा आधीचा एक उंबरठाच असतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये हा आधीचा उंबरठा फार ठळक होता. क्वार्टरबॅक म्हणजे डाव रचणारा, चेंडू कोणाकडे फेकायचा ते ठरवणारा खेळाडू. कॉलेजात ही जागा गाजवलेले कृष्णवर्णीय खेळाडू व्यावसायिक संघात आले की त्यांना पळण्याच्या, झेलण्याच्या, अडवण्याच्या जागी हलवलं जाई. १९७० मध्ये लॉय आणि मॅकएल्व्होग या दोन संशोधकांनी ही वाटणी मोजून दाखवली. डावाच्या मध्यभागी असलेल्या, निर्णयाच्या जागांवर गोरे, कडेच्या जागांवर कृष्णवर्णीय.

मार्लिन ब्रिस्को घ्या. १९६८ मध्ये डेन्व्हरकडून पहिल्याच हंगामात त्याने क्वार्टरबॅक म्हणून १४ टचडाउन, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे चेंडू, फेकले. पुढच्या वर्षी तो बफेलोत झेलणाऱ्याच्या जागी होता. क्वार्टरबॅक म्हणून त्याची सरासरी कशाची काढणार?

वॉरन मूनने जागा बदलायला नकार दिला. व्यावसायिक संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात, त्या १९७८ च्या निवडीत बारा फेऱ्या झाल्या, त्याचं नाव कोणी पुकारलं नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला आणि त्या संघाने लागोपाठ पाच वेळा ग्रे कप, म्हणजे तिथलं विजेतेपद, जिंकलं. १९८४ मध्ये ह्यूस्टनला परतला तेव्हा वयाची ऐन सहा वर्षं दुसऱ्याच लीगच्या खात्यात जमा झालेली होती. तरी एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये, त्याने फेकलेल्या चेंडूंनी संघाला एकूण ४९,३२५ यार्ड मिळवून दिले. २००६ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. मून म्हणजे आपल्या उदाहरणातला ९६ गुणांचा मुलगा. त्याच्याकडे बोट दाखवून दार उघडं होतं असं म्हणता येत नाही.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो तो केन रायली. फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचा हा क्वार्टरबॅक. १९६९ मध्ये सिनसिनाटीने घेतलं आणि कॉर्नरबॅक केलं, म्हणजे समोरच्याचा झेल अडवणारा. हे करणारे प्रशिक्षक पॉल ब्राउन. याच ब्राउन यांनी १९४६ मध्ये मॅरियन मॉटली आणि बिल विलिस या कृष्णवर्णीय खेळाडूंना आपल्या क्लीव्हलंडच्या संघात घेतलं होतं, त्याच वर्षी एनएफएलची बारा वर्षांची अघोषित बंदीही मोडली. त्यामुळे इथे खलनायक शोधू नये. सवय माणसापेक्षा मोठी होती. रायलीने १५ हंगामांत ६५ वेळा प्रतिस्पर्ध्याचा फेकलेला चेंडू हिसकावला. निवृत्त झाला तेव्हा आजवरच्या सगळ्यांत त्याच्या पुढे फक्त तिघे होते. तरी वर्षाच्या सर्वोत्तमांच्या सामन्यात, प्रो बोलमध्ये, त्याची एकदाही निवड झाली नाही. त्याच संघात दुसऱ्या कडेला खेळणारा लेमार पॅरिश तिथे असताना सहादा निवडला गेला, आणि पॅरिशही कृष्णवर्णीयच. म्हणून प्रो बोलची उपेक्षा वर्णामुळेच झाली असं मी म्हणणार नाही, पुरावा तसं सांगत नाही. वर्णाचा उंबरठा त्याच्या एक पायरी आधी होता, क्वार्टरबॅकची जागा गेली तिथे. आणि पुढे हॉल ऑफ फेमचे मतदार प्रो बोलच्या निवडी मोजणार असतील, तर एका उंबरठ्याची चूक पुढच्या उंबरठ्याकडे पुरावा म्हणून जाते.

"पण त्यांचं शरीरच पळण्यासाठी बनलंय, रक्तातच असतं ते," असं अजूनही शिकलेली माणसं सांगतात. पत्रिकेत विद्या पाहण्याइतकाच याला आधार आहे. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवलं, की माणसांमधल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो. त्वचेच्या रंगावरून डोकं किती चालेल हे ठरवणं विज्ञान नाही. ते किती घातक ठरतं तेही याच खेळाने दाखवलं. डोक्याला मार बसून मेंदूवर परिणाम झालेल्या माजी खेळाडूंच्या भरपाईसाठी चाचण्या होत, त्यांत कृष्णवर्णीयांची बुद्धी मुळातच कमी धरणारी सूत्रं वापरली जात. दोघांना सारखे गुण पडले तरी गोऱ्याचं नुकसान झालं असं ठरे आणि कृष्णवर्णीयाचं झालं नाही असं ठरे. २०२० मध्ये दोन माजी खेळाडू कोर्टात गेले, आणि २०२१ मध्ये ही पद्धत सोडायचं लीगने कबूल केलं. इथे वेगवेगळे उंबरठे सूत्रात लिहिलेले होते, म्हणून सापडले.

भाच्याला मी म्हटलं, पुढच्या रविवारी सरासरी काढूच नका. एक एक जागा घ्या, कॉलेजात ती जागा कोण खेळत होतं आणि व्यावसायिक संघाने त्याला कुठे उभं केलं, एवढंच लिहून काढा. रायलीपासून सुरुवात करा. २०२० मध्ये तो वारला, २०२३ मध्ये हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं. त्याचे ६५ तर १९८३ पासून वहीत होतेच.