हिवाळ्यात काठमांडू आणि पोखरा
आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक (पैसे भरण्याआधी वाचावे)

ही सहल पाच रात्रींची असून तीत दोनच शहरे आहेत. आधी काठमांडूत दोन रात्री, मग पोखऱ्यात दोन आणि परतताना पुन्हा काठमांडूत एक. "एवढे लांब जातोय तर चितवनचे जंगल, मुक्तिनाथही करून टाकू" असे बरेच जण सुचवतात. मुक्तिनाथ साडेतीन हजार मीटरहून उंचावर आहे. ऐन हिवाळ्यात तिथला रस्ता आणि विमान दोन्ही हवामानाच्या मर्जीवर चालतात. चितवन जोडले तर एक अख्खा दिवस गाडीत जातो. दिवस आधीच लहान, संध्याकाळी साडेपाचच्या आत अंधारू लागते. म्हणून दोनच शहरे, पण नीट.

धुके आणि वेळापत्रक

डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ असते, त्यामुळे हिमशिखरे दिसण्याची शक्यता पावसाळ्याच्या मानाने कितीतरी जास्त. मात्र याच दिवसांत काठमांडूच्या खोऱ्यात सकाळी दाट धुके साचते आणि विमाने उशिरा सुटतात. म्हणून पहिल्या दिवशी आम्ही काहीही पाहायला ठेवलेले नाही. पोखऱ्याहून येऊन त्याच दिवशी भारताचे विमानही धरत नाही. शेवटची रात्र काठमांडूत आहे ती त्यासाठीच. ती वगळून पैसे कमी करा, अशी विनंती कृपया करू नये.

काठमांडू ते पोखरा रस्ता साधारण २०० किलोमीटरचा, पण डोंगराळ. रुंदीकरणाची कामे आणि घाटातली कोंडी धरली तर आठ-नऊ तास सहज जातात. विमानाला अर्धा तास पुरतो. जाताना उजव्या बाजूची खिडकी मिळाली तर हिमालयाची रांग सोबतीला राहते. येताना डावी मागा. शिखरे दिसतीलच अशी हमी आम्ही देत नाही आणि कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

काठमांडू

पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात कातडी पट्टा, पाकीट, पर्स चालत नाही. हॉटेलवरच ठेवून निघा. शिवलिंग चतुर्मुखी आहे आणि मुख्य पुजारी परंपरेने दक्षिण भारतातले भट्ट असतात. मंदिराला लागून बागमतीच्या काठी आर्यघाटावर दहनविधी चालू असतात, पलीकडच्या काठावरून ते समोरच दिसतात. सोबत लहान मुले असतील तर त्यांना आधी कल्पना द्या. चितेचे फोटो काढू नयेत, हे सांगावे लागते म्हणून सांगतो.

स्वयंभूनाथला ३६५ पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर गाडी मागच्या बाजूने बरीच वर जाते.

आमच्या मते अर्धा दिवस राखून ठेवावा तो भक्तपूरसाठी. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात या गावाचे फार नुकसान झाले, पण १७०२ साली राजा भूपतींद्र मल्लांनी बांधलेले पाच मजली न्यातपोल मंदिर उभे राहिले. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना खालून वर पहिलवान, हत्ती, सिंह अशा जोड्या आहेत. जवळच्या कुंभारांच्या चौकात मडकी उन्हात ओळीने वाळत ठेवलेली असतात. तिथून मातीच्या वाडग्यातले 'जुजु धौ' घ्या. हे म्हशीच्या दुधाचे गोडसर दही. पाणी माती शोषून घेते, त्यामुळे चमचा खुपसला की वडी निघते. श्रीखंडावर वाढलेल्या माणसालाही दुसरा वाडगा मागावासा वाटेल.

पोखरा

सारंगकोटला सूर्योदयासाठी पहाटे पाचला निघतो. कुडकुडत उभे राहायची तयारी ठेवा. वर चहा मिळतो. समोर धौलागिरी, अन्नपूर्णेची रांग आणि मधोमध ६,९९३ मीटरचे माछापुच्छ्रे. पवित्र मानले जात असल्याने त्यावर चढाईला बंदी आहे. नावातली माशाची शेपटी पोखऱ्यातून शोधू नका, इथून एकच टोकदार सुळका दिसतो. जोडशिखर पश्चिमेकडून दिसते. अन्नपूर्णा १ (८,०९१ मीटर) हे माणसाने सर केलेले पहिले आठ हजारी शिखर, साल १९५०.

फेवा तलावात शिखराचे प्रतिबिंब पाहायचे तर सकाळी, वारा सुटण्याआधी नावेत बसा. तालबाराहीचे मंदिर तलावातल्या बेटावर आहे. डेव्हिस फॉल हिवाळ्यात अगदी बारीक असतो, त्यामुळे तो आम्ही कार्यक्रमात घेतलेला नाही.

मकरसंक्रांतीच्या सुमाराची तारीख घेतली असेल तर तिथेही 'माघे संक्रांती' असते: तिळाचे लाडू, तूप, उकडलेला तरुल कंद आणि चाकू. चाकू म्हणजे घट्ट आटवलेला गूळ, घाबरू नका.

कपडे आणि खाणे

जानेवारीत काठमांडूत पहाटे पारा २-३ अंशांवर येतो, दुपारी १८-१९ पर्यंत चढतो. पोखरा थोडे उबदार. बाहेरपेक्षा खोलीत जास्त गारठा वाटतो, कारण हॉटेलांच्या भिंती तापत नाहीत. खोलीत हीटर असतो, तरी थर्मल, कानटोपी आणि पायमोजे हवेतच. महाबळेश्वरला नेलेली शाल इथे पुरणार नाही.

शाकाहारी मंडळींनी मोमो मागवताना 'व्हेज' स्पष्ट सांगावे. 'बफ' म्हणजे म्हशीचे मांस. डाळभात सगळीकडे मिळतो आणि भात, डाळ, भाजी पुन्हा वाढतात.

पैसे

१०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे. दुकानात भारतीय रुपयांना 'आयसी' आणि नेपाळी रुपयांना 'एनसी' म्हणतात. काठमांडूच्या थमेल बाजारात शालीचे १,६०० सांगितले तर घासाघीस नंतर करा, आधी "आयसी की एनसी?" विचारा. एनसी असतील तर आपले १,००० झाले. शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, त्या वेळी काय चालते ते निघण्याआधी कळवू.

कागदपत्रे

व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, मूळ प्रत, दोन्हींपैकी एक हवेच. प्रौढांना आधार किंवा पॅन कार्डावर विमानात सोडत नाहीत. १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना यात सवलत आहे. पंधरा ते अठरामधल्या मुलांचा पासपोर्टच काढून ठेवलेला बरा. तिकिटावरचे नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळले पाहिजे, म्हणून नोंदणी करतानाच फोटोप्रत द्यावी.

नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटे असते. तिथल्या विमानांच्या वेळा नेपाळी वेळेप्रमाणे छापलेल्या असतात. रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका.