रेकॉर्डवरचा माणूस आणि नोकरीचा फॉर्म

सरकारी नोकरीत निवड झाली की उमेदवाराच्या हाती साक्षांकन नमुना पडतो. नाव, गाव, शिक्षण, मागच्या पाच वर्षांतले पत्ते लिहून झाले की एका प्रश्नाचे बरेच पोटप्रश्न येतात. कधी अटक झाली होती का? खटला चालला का? स्थानबद्ध केले होते का? दंड झाला का? शिक्षा झाली का? वरती ताकीद छापलेली असते की माहिती दडवली किंवा खोटी दिली तर उमेदवार अपात्र ठरेल. खासगी नोकरीत हेच काम पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला करतो.

या यादीत अटक आणि शिक्षा शेजारी शेजारी बसल्या आहेत. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि त्यातली ७५.८ टक्के कच्चे कैदी होती, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. उद्या निर्दोष सुटले तरी पहिल्या प्रश्नाला त्यांचे उत्तर ‘होय’च राहणार. सुटून आलेल्याला काम द्या, असे मालकांना सांगण्याआधी ही नोंद इतकी जड कशी झाली ते पाहायला हवे.

त्यासाठी १८७१ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, पुढे इतर प्रांतांत पसरला. माणसाने काय केले हे न पाहता तो कोणत्या जमातीत जन्मला यावरून त्याची नोंद होऊ लागली. मुंबई इलाख्यात पारधी, कैकाडी, भामटे अशा कितीतरी जमाती या यादीत गेल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. लोक तिला सेटलमेंट म्हणत, आणि तो भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. आत राहणाऱ्यांना हजेरी द्यावी लागे, बाहेर पडायला पास लागे.

या सेटलमेंटमधली माणसे सोलापूरच्या कापड गिरण्यांत कामाला जात. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या माणसांना मालक घेत नाहीत हे नेहमीचे बोलणे, पण इथे गिरण्यांनी तर त्यांना पिढ्यान् पिढ्या घेतले. हजेरीला बांधलेला, सोडून जाऊ न शकणारा कामगार कोणालाही चालतो. तोच माणूस मोकळा होऊन, आपल्या मर्जीने, बरोबरीने काम मागायला आला की मगच त्याचे रेकॉर्ड आठवते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. विमुक्त हा शब्द तेव्हापासूनचा, आणि भटके-विमुक्त आजही तो दिवस पाळतात. पण त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. जमातीचे नाव कायद्यातून गेले, ठाण्यातल्या वहीतून गेले नाही. एखाद्या गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी गाडी जाते, हे महाराष्ट्रात कोणाला नव्याने सांगायला नको.

याच मुलखात अगदी उलट प्रयोगही झाला. १९३९ साली औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधून आलेले अभियंते या प्रयोगाच्या मुळाशी होते. जन्मठेपेच्या कैद्यांना भिंतीबाहेर आणायचे, शेती करू द्यायची, बायकामुलांसोबत राहू द्यायचे. ग. दि. माडगूळकर याच आटपाडी भागातले. त्यांनी या वसाहतीवरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली तिचा चित्रपट केला, तेव्हा ती देशभर माहीत झाली. वसाहत आजही सांगली जिल्ह्यात आहे. पण स्वतंत्रपुरात जमीन सरकारची होती आणि मालकही सरकारच. सुटल्यावर बाहेरच्या मालकाच्या दारात उभे राहायचे ते कसे, याचे उत्तर तिथेही नव्हते.

तो प्रश्न स्वातंत्र्यानंतर विचारला गेला. १९५४ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळाने सुटलेल्यांच्या आधाराचा विचार करायला डॉ. एम. एस. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या आधाराला सरकारी मराठीत अनुरक्षण म्हणतात. १९५८ चा परिविक्षा (प्रोबेशन) कायदा तर एक पाऊल पुढे गेला. समज देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या हमीवर ज्याला सोडले, त्याला त्या दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता चिकटणार नाही, असे त्याचे कलम १२ सांगते. बालगुन्हेगारांसाठी २०१५ च्या कायद्यातही असे कलम आहे. तरतुदी वाईट नाहीत. पण पुढे न्यायालयांनी कलम १२ चा अर्थ आखडता घेतला आणि परिविक्षेवर सुटलेल्या नोकरदाराला खात्याने बडतर्फ करायला हरकत नाही असे ठरवले.

न्यायालयांचा कल मात्र एकसारखा राहिलेला नाही. २०११ साली दिल्ली पोलिसांत हेडकॉन्स्टेबल होऊ पाहणाऱ्या तरुणाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. जुन्या मारामारीचा खटला तडजोडीने मिटला होता, तो त्याने फॉर्मवर लिहिला नव्हता. तरुणपणातल्या किरकोळ चुकीपायी कोणाला जन्मभर गुन्हेगार ठरवू नये, असे म्हणून न्यायालयाने त्याची बाजू घेतली. इतर खंडपीठांनी अशाच प्रकरणांत उलट निकाल दिल्याने २०१६ साली तिघा न्यायाधीशांनी नियम घालून दिले. माहिती खरी द्यावी, पण लहान वयात दिलेल्या घोषणांसारखी क्षुल्लक बाब दडवली गेली असेल तर ती माफ करण्याचा विचार व्हावा. हे झाले सरकारी नोकरीचे. सुरक्षारक्षकाचे काम, जे शहरात आलेल्या गरीब तरुणाला सर्वात आधी सापडते, तिथे २००५ च्या कायद्याने शिक्षा झालेल्याला दारच बंद केले आहे.

मालकांना पुढे आणण्याचे प्रयत्न झाले ते मुख्यतः परदेशांत. ब्रिटनच्या १९७४ च्या कायद्याने ठराविक काळानंतर बरीचशी जुनी शिक्षा सांगण्याची गरजच काढून टाकली. अमेरिकेत १९६६ पासून सरकार अशा कामगाराच्या वतीने मालकाला चोरी-अफरातफरीपासून विमासंरक्षण देते, आणि १९९६ साली करसवलतही सुरू झाली. २००४ साली कॅलिफोर्नियात शिक्षा भोगून आलेल्यांनीच मोहीम सुरू केली: फॉर्मवरची ‘शिक्षा झाली आहे का’ ही चौकट काढा, प्रश्न मुलाखतीनंतर विचारा. त्याआधी २००३ साली डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकी शहरातला प्रयोग प्रसिद्ध केला होता. सारख्याच पात्रतेचे तरुण त्यांनी अर्ज घेऊन पाठवले. नोंद नसलेल्या गोऱ्यांना ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, नोंद असलेल्या गोऱ्यांना १७. काळ्यांना नोंद नसताना १४ आणि असताना ५. काही शहरांत चौकट गेल्यावर मालक नावावरून उमेदवार गोरा की काळा याचा अंदाज बांधू लागले, असेही पुढच्या अभ्यासात दिसले. हे आकडे पारध्यांच्या पोराला कोणी समजावून सांगावे लागत नाहीत. त्याच्या आडनावातच ती चौकट भरलेली असते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारलेली कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. मुंबईतल्या पत्रकार सुकन्या शांता यांची ती याचिका. विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार मानणाऱ्या तुरुंग नियमांवरही निकालात नेमके बोट ठेवले आहे.

बाहेरच्या नोकरीसाठी मात्र आपल्याकडे अजून संस्थांचाच आधार आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कैद्यांमध्ये काम करतो. सुटलेल्याला तो थेट कंपनीत पाठवत नाही. आधी एखाद्या सामाजिक संस्थेत मानधनावर काम मिळवून देतो. वेळेवर येणे, वरिष्ठांशी बोलणे, महिन्याचा हिशेब लावणे याची पुन्हा सवय होते. पुढच्या अर्जात ‘पूर्वीचा अनुभव’ या रकान्यात लिहायला तोवर काहीतरी जमलेले असते.