वर्गणीदार ग्रंथालय

वर्गणीदार ग्रंथालय : सभासदांच्या वर्गणीवर व अनामत रकमेवर चालणारे आणि ज्याच्या कारभारात सभासदांना मत असते असे ग्रंथालय. करातून किंवा सरकारी निधीतून चालणाऱ्या विनाशुल्क सार्वजनिक ग्रंथालयापासून ते वेगळे मानले जाते. मराठीत मात्र ‘सार्वजनिक वाचनालय’ हे नाव दोन्हींना सर्रास लावतात. त्यामुळे नावावरून प्रकार ठरवता येत नाही, संस्थेची घटना (नियमावली) पाहावी लागते.

या प्रकाराचा प्रारंभ बहुधा बेंजामिन फ्रँक्लिन व त्याच्या मित्रांनी १७३१ मध्ये फिलाडेल्फियात स्थापलेल्या लायब्ररी कंपनीपासून धरतात. पन्नास भागधारकांनी सुरुवातीला प्रत्येकी ४० शिलिंग आणि पुढे दरसाल १० शिलिंग द्यावेत, असा तिचा करार होता. त्याआधी एडिंबरोत ॲलन रॅम्झीने पुस्तके भाड्याने देण्यास आरंभ केला होता, म्हणून काही अभ्यासक आद्यत्वाचा मान त्याला देतात. पण रॅम्झीचे दुकान मालकाचे होते, तर फिलाडेल्फियाचा संग्रह वाचकांचा. पुस्तके कोणाच्या मालकीची, हीच कसोटी लावणे अधिक सयुक्तिक वाटते. ती लावली तर लंडनचे मुडी या व्यावसायिकाचे पुस्तके भाड्याने देणारे ग्रंथालयही (१८४२) या नोंदीच्या कक्षेबाहेर जाते. वर्षाला एक गिनी (२१ शिलिंग) घेऊन ते एका वेळी एकच खंड देई, त्यामुळे तीन खंडांची एक कादंबरी एकाच वेळी तीन वर्गणीदारांकडे फिरे. अशा कादंबऱ्या इंग्लंडमध्ये इतकी वर्षे टिकल्या, त्यामागे हा व्यवहारही होता.

मोफत ग्रंथालय उपलब्ध असताना वाचक पैसे का भरतो, याचे उत्तर लंडन लायब्ररीच्या उदाहरणात चांगले सापडते. ब्रिटिश म्युझियमचा ग्रंथसंग्रह अफाट होता, पण पुस्तक घरी नेता येत नसे आणि गर्दीच्या दालनात बसूनच वाचावे लागे. या त्रासाला कंटाळून इतिहासकार टॉमस कार्लाइलने चळवळ केली व १८४१ मध्ये हे ग्रंथालय उघडले. येथे सभासद स्वतः कपाटांमधून हिंडतो. हव्या असलेल्या पुस्तकाशेजारचे, ज्याचे नावही त्याला ठाऊक नव्हते असे पुस्तक त्याच्या हाती लागते. जुनी पुस्तके सहसा काढून टाकली जात नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षे कोणी न मागितलेला ग्रंथही जागेवर सापडतो. मागणी घटली की प्रत बाद करावी लागणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला हे सहसा परवडत नाही. वर्गणीदार ग्रंथालयाचे खरे आकर्षण या मोकळिकीत व सातत्यात आहे; प्रतिष्ठेचा भाग त्यामानाने गौण समजावा.

महाराष्ट्रात या संस्था ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने, बऱ्याच ठिकाणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने, उभ्या राहिल्या. रत्नागिरीचे वाचनालय आपली स्थापना १८२८ ची मानते. अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०) व पुणे (१८४८) ही त्यानंतरची. पुण्याच्या संस्थेशी लोकहितवादींचे नाव निगडित आहे. या सनांकडे थोड्या सावधपणे पाहावे. पुस्तके जमवणे, वर्गणी सुरू होणे आणि एतद्देशीयांना प्रवेश मिळणे या तीन घटना एकाच वर्षी घडल्या असतील असे नाही. सबब ‘पहिले’ कोणते, हा वाद कोणती घटना प्रमाण धरावी यावर अवलंबून राहतो. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) व मुंबईचे (१८९८) यांचा हेतू वेगळा होता. मराठी ग्रंथ जपणे हेच त्यांनी कार्य मानले, आणि भाषेच्या अभ्यासकांवर त्यांचे ऋण मोठे आहे.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने ग्रंथालय-कर बसवला नाही. मद्रास प्रांताच्या १९४८ च्या कायद्यात तो होता. त्याऐवजी मान्यताप्राप्त संस्थांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान मिळू लागले. परिणामी येथील बहुसंख्य ‘सार्वजनिक’ ग्रंथालये आजही वर्गणी व अनामत घेतात, वार्षिक सभा भरवतात आणि कार्यकारी मंडळ निवडतात. वर्तमानपत्रांचे टेबल कोणालाही मोकळे, पुस्तक घरी न्यायचे तर सभासदत्व, अशी विभागणी सर्वत्र दिसते. अनुदान व वर्गणी यांच्या या मिश्रणामुळे खाजगी आणि सार्वजनिक ही युरोपीय विभागणी महाराष्ट्राला जशीच्या तशी लागू करता येत नाही.

दिवाळी अंकांची योजना हा या परंपरेचा खास मराठी विशेष होय. ठरावीक रक्कम भरलेल्या सभासदाला पुढील काही महिने अंक आळीपाळीने मिळतात. अंकांना खाकी कव्हर घालून पाठीवर ठळक अक्षरांत नाव लिहिलेले असते. लोकप्रिय अंकासाठी नंबर लावावा लागतो. सभासदाची आवड ओळखून नवे पुस्तक टेबलाखाली राखून ठेवणारा ग्रंथपाल ही तर अनेक वाचकांच्या दृष्टीने वर्गणीची पुरेपूर वसुली असते.

ज्याला वर्गणी जड जाते तो दाराबाहेर राहतो, ही या प्रकाराची मूळची उणीव आहे. ब्रिटनमध्ये १८५० च्या कायद्याने नगरपालिकांना करातून मोफत ग्रंथालये काढता येऊ लागली, त्यामागे हा विचारही होता. गोव्यात ग्रंथालयांचा प्रारंभ निराळ्या वाटेने झाला : पणजीत पोर्तुगीज राजवटीने १८३२ मध्ये सरकारी ग्रंथालय उघडले.